चित्रापाशी चार शब्द

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांची दप्तरे जतन करून ठेवलेली आहेत. १८३४ सालापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भागांतून कराराने बांधली जाऊन ह्या बेटावर उतरली. त्यांतील आपली मंडळी मुंबई बंदरातून, बहुतांशी कोकणपट्टीतून आलेली. प्रत्येकाची नोंद करताना सरकारी कारकुनाने त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव आणि अंगावरील खूण लिहून ठेवली. पुढे छायाचित्रणाची कला बेटावर रुळली, तेव्हा सरकारने तीही ह्या कामी जुंपली. १८६७ सालच्या कायद्याने तर करार पुरा केलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगणे भाग पडले. त्या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ ह्यांच्या साह्याने नऊ हजारांवर मजुरांनी केलेला अर्ज आपल्या मुलांना शाळेत शिकवला जातो. २०१५ साली युनेस्कोने ह्या दप्तरांना जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले.

त्या इतिहासाची उजळणी करावी, हा माझा हेतू नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते दप्तरांतील एका लहानशा गोष्टीकडे. छायाचित्र हाती आल्यावरही कारकुनाने शब्द टाकून दिले नाहीत. चित्र एका बाजूस आणि उंची, व्रण, वय ही दुसऱ्या बाजूस, अशी दोन्ही त्याने ठेवली. त्याचा हेतू अर्थातच मायेचा नव्हता. पळालेला मजूर सापडावा, एकाचा परवाना दुसऱ्याने वापरू नये, एवढीच त्याची काळजी. चित्र फिकट होते, चेहरा वयाने बदलतो, आणि पाहणाऱ्याच्या हाती चित्र नसेल तर तोंडी सांगण्यास काही तरी हवे, हे त्याने व्यवहारबुद्धीने ओळखले होते. परिणाम असा झाला की, ज्या पानावरील चित्र आज पुसट झाले आहे, त्या पानावरचा माणूसही आपल्याला काही अंशी कळतो. आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही असा एखादा पणतूसुद्धा, कोणी वाचून दाखवले तर, आपला पणजोबा ठेंगणा होता की उंच, त्याच्या कपाळावर कसला वण होता, हे जाणून घेऊ शकतो.

आता आपल्या संस्थांच्या संकेतस्थळांकडे वळू. गेल्या काही वर्षांत आपल्या बहुतेक मंडळांनी संकेतस्थळे उघडली, फेसबुकावर पाने काढली. ट्रंकेत पडून असलेली जुनी छायाचित्रे तेथे चढवण्यात आली. गणेशोत्सवाच्या मिरवणुका, झाकरीचे फेर, मराठी नाटके, लग्नसमारंभ, शाळांचे वर्ग, असे कितीतरी. हे काम प्रेमाने झाले आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्यांतील एकेक चित्र उघडून पाहावे, तो त्यापाशी एक शब्द नाही. कोण, कोठे, कोणत्या वर्षी, काय चालले आहे, काहीच नाही. ज्या कारकुनाला आपल्या माणसांविषयी तिळमात्र ममता नव्हती, त्याने त्यांच्या चित्रापाशी चार शब्द लिहिले. आणि ज्या आपल्यापाशी ममतेला तोटा नाही, त्या आपल्याला चार शब्द लिहिण्यास सवड झाली नाही. ही गोष्ट मला शोभणारी वाटत नाही, आणि तेच सांगण्यासाठी ह्या स्मरणिकेच्या संपादकांकडून मी थोडी जागा मागून घेतली आहे.

ह्या मुक्या चित्रांचा पहिला फटका बसतो तो दृष्टिहीनांना. आंधळ्या माणसाचा आणि संगणकाचा काय संबंध, असे ज्यांना वाटत असेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करते. पडद्यावर जे अक्षररूपाने आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारी 'स्क्रीन रीडर' नावाची आज्ञावली असते. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये 'एनव्हीडीए' नावाची अशी एक आज्ञावली करण्यास घेतली. ती आज जगभर विनामूल्य मिळते. आता तर प्रत्येक चांगल्या मोबाइलातही ही सोय असते. तिच्या आधारे दृष्टिहीन माणसे पत्रे लिहितात, बँकेचे व्यवहार करतात, वर्तमानपत्रे ऐकतात. मात्र ही आज्ञावली अक्षरे वाचते; छायाचित्रातील आजोबा तिला दिसत नाहीत. त्यासाठी चित्र चढवताना त्याच्या पोटात 'पर्यायी मजकूर' लिहिण्याची एक जागा ठेवलेली असते. ती जागा भरली, तर दृष्टिहीनाला ते शब्द ऐकू येतात. ती कोरी राहिली, तर नुसते 'चित्र' असे ऐकू येते, किंवा कॅमेऱ्याने फायलीला दिलेले नाव: 'आय एम जी शून्य शून्य चार सात'. आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचे पान एखादा दृष्टिहीन गृहस्थ उघडतो, आणि त्याला पन्नास वर्षांऐवजी आकड्यांची माळ ऐकावी लागते.

हे गृहस्थ कोणी परके नाहीत. मधुमेहाचे प्रमाण ज्या देशांत जगात फार अधिक आहे, अशा देशांत आपल्या बेटाची गणना होते, आणि मधुमेह डोळ्यांना कसा पोखरतो हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आपली वडीलधारी माणसे एकामागून एक ह्या वाटेने जात आहेत. त्यांतच आणखी एक दुर्दैव असे की, जुन्या छायाचित्रांतील चेहरे ज्यांना ओळखता येतात, तीच ही माणसे. ज्या आजीला 'हा माझा चुलत सासरा, आणि हा त्याच्या शेजारचा कास्कावेलचा ढोलकीवाला' असे क्षणात सांगता आले असते, तिला आता चित्रच दिसत नाही. आणि ज्या नातवाला चित्र दिसते, त्याला त्यातील एकही माणूस ठाऊक नाही. दोघांच्या मध्ये चार शब्दांचा पूल नाही. म्हणून मी म्हणते की, हा प्रश्न केवळ दृष्टिहीनांवर उपकार करण्याचा नाही. नातू आजीला चित्राचे वर्णन करून सांगेल, तेव्हाच आजी नातवाला त्यातील माणसे सांगेल.

ह्या कामाचा पाठ आपल्याला परकीयांकडून घेण्याची गरज नाही. भगवद्गीतेचा आरंभ कोणाच्या प्रश्नाने होतो? एका आंधळ्या राजाच्या. कुरुक्षेत्रावर काय चालले आहे, हे धृतराष्ट्राने विचारले आणि संजयाने सांगितले. पुढचे अठरा अध्याय आपण ऐकतो ते सगळे त्या सांगण्यातून. डोळस आणि आंधळे असे आपण सर्वच जण त्या रणभूमीवर संजयाच्या शब्दांनी पोहोचलो आहोत. संजयाने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. त्याने दिसेल ते सर्व सांगितले नाही. घोड्यांचा रंग, शंखांची नावे, अर्जुनाच्या हातून गळलेले धनुष्य, जेवढे प्रसंग समजण्यास अवश्य, तेवढे सांगितले. राजाला संजय मिळाला, कारण तो राजा होता. वाक्व्याच्या एखाद्या घरात खिडकीशी बसलेल्या आजीला संजय कोण देणार? तो आपल्याच मंडळाच्या चिटणिसाने व्हावयाचे आहे.

आता वर्णन कसे लिहावे, ह्याविषयी शिक्षिकेच्या अधिकाराने थोडे सांगते. कारण मुलांकडून हे करवून घेण्याचा मला काही वर्षांचा सराव आहे. माझ्या वर्गात आम्ही एक खेळ खेळतो. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हाती चित्र असते, ते त्याने दुसऱ्याला मराठीतून सांगावयाचे, आणि दुसऱ्याने ऐकून काढावयाचे. पहिल्या दिवशी सांगणारा 'एक माणूस आहे, एक झाड आहे' एवढेच सांगतो आणि काढणाऱ्याच्या कागदावर माणूस झाडावर बसतो. मग हळूहळू मुलांच्या ध्यानात येते की आधी सबंध चित्र कशाचे आहे ते सांगावे, मग मुख्य माणूस, मग तो काय करतो, आणि मग राहिलेच तर भोवतालचे. मराठीतील विभक्तिप्रत्यय घोकून येत नाहीत, ते ह्या खेळाने येतात, हा एक आनुषंगिक लाभ.

झाकरीच्या एखाद्या छायाचित्राचे उदाहरण घेऊ. कोकणात जिला जाखडी म्हणतात तीच ही आपली झाकरी. चित्रापाशी 'झाकरी' एवढाच शब्द लिहिला, तर ज्याला झाकरी ठाऊक आहे त्याला थोडे कळेल, ज्याला ठाऊक नाही त्याला काहीच नाही. 'आमच्या थोर सांस्कृतिक परंपरेचे नयनरम्य दर्शन' असे लिहिले, तर कोणालाच काही कळणार नाही. आपल्या मंडळांच्या लेखणीला मात्र ह्याच वाक्याची ओढ अधिक. त्याऐवजी असे लिहावे: 'देवळाच्या अंगणात झाकरीचा फेर. मध्ये खाली बसलेले दोन गायक, एकाच्या पुढ्यात ढोलकी. भोवती आठ तरुण, कमरेला लाल शेले, सर्वांचा उजवा पाय उचललेला. मागे पायऱ्यांवर बसलेल्या बायका टाळ्या वाजवीत आहेत.' चार वाक्ये झाली. लिहिण्यास दोन मिनिटे लागली. ऐकणाऱ्यासाठी अंगण उभे राहिले.

नावे, वर्ष आणि गाव ही माहिती पर्यायी मजकुरात दडवून न ठेवता चित्राखाली सर्वांना दिसेल अशी लिहावी, कारण ती डोळसांनाही तितकीच हवी आहे. जे चित्राखाली लिहिले ते पर्यायी मजकुरात पुन्हा लिहू नये, नाही तर ऐकणाऱ्याला तेच दोनदा ऐकावे लागते. पानाच्या कडेला शोभेसाठी जी तोरणे, कमळे आणि स्वस्तिके घातलेली असतात, त्यांच्यापुरती ती जागा मुद्दाम रिकामी सोडण्याची खूण करावी. मग वाचणारी आज्ञावली त्यांना मुकाट्याने ओलांडून जाते. प्रत्येक ओळीपूर्वी 'कमळ, कमळ, कमळ' असे ऐकण्यात कोणालाही भक्तिभाव वाटणार नाही.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. एक, अंदाजाने काही लिहू नये. चेहरा ओळखला नसेल तर 'ओळख पटलेली नाही' असे लिहावे. त्यात कमीपणा नाही, उलट पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी नाव सुचवण्याचा संभव असतो. दुसरे, कारकुनाची जात लिहिण्याची सवय आपण उचलू नये. त्याला ती हवी होती, आपल्याला तिचे प्रयोजन नाही. त्याचप्रमाणे कोणाचा रंग, कोणाचे दारिद्र्य, कोणाच्या पायात वहाण नाही, हे सांगावयाचे की नाही, ह्याचा विचार प्रत्येक चित्रापाशी करावा. माझे मत सांगते. अनवाणी पाय जर त्या काळाची साक्ष असतील, तर ते अवश्य लिहावेत. झाकून ठेवलेले दारिद्र्य म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या कष्टांवर घातलेला पडदा होय. परंतु येथे मतभेदाला जागा आहे, हे मी जाणून आहे.

हल्ली चित्र पाहून आपोआप वर्णन लिहून देणारी यंत्रेही निघाली आहेत, मग माणसाने कशाला शिणावे, असे एका तरुण सभासदाने मला विचारले. यंत्राला दाखवले तर ते 'रंगीत पोशाखातील माणसांचा समूह बाहेर उभा आहे' असे सांगते. ते चूक नाही. कच्चा मसुदा म्हणून त्याचा उपयोग करण्यासही माझी हरकत नाही. परंतु तो समूह कोणाचा, तो का उभा आहे, त्यातील मधली बाई त्या दिवशी का रडली, हे यंत्राला कोठून ठाऊक असणार? ते ठाऊक असणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांना विचारावे.

नावांच्या लेखनाचा प्रश्न आपल्याकडे विशेष अवघड आहे. बंदरावरील कारकुनांनी आपली नावे ऐकली तशी, म्हणजे इंग्रजी आणि फ्रेंच कानांनी, लिहून घेतली. लक्ष्मणाचा 'लुक्सिमोन' झाला, बापाचे नाव पुढच्या पिढीचे आडनाव होऊन बसले, आणि एकाच कुळाच्या दोन शाखांची आडनावे दोन तऱ्हांनी लिहिली जाऊ लागली. म्हणून चित्राखाली नाव लिहिताना ते रोमन लिपीत जन्मदाखल्याप्रमाणे आणि देवनागरीत घरात उच्चारतात तसे, असे दोन्ही लिहावे. शोधणाऱ्याला दोन्ही वाटांनी माणूस सापडेल, आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही योग्य उच्चार साधेल.

येथे एक तांत्रिक बाब सांगणे अवश्य आहे. आपली पाने इंग्रजी, फ्रेंच, क्रेओल आणि मराठी अशा चार भाषांत मिसळलेली असतात. कोणता परिच्छेद कोणत्या भाषेत आहे, ही खूण पानाच्या रचनेत घालावी लागते. न घातल्यास यंत्र मराठी मजकूर फ्रेंच वळणाने वाचू पाहते, किंवा तो सोडूनच देते. काही मंडळांचा जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्वीच्या टंकांत आहे. तो पडद्यावर देवनागरी दिसतो, परंतु आत रोमन अक्षरांचा गोंधळ असतो, आणि यंत्र तो गोंधळच प्रामाणिकपणे वाचून दाखवते. असा मजकूर नव्याने टंकित करण्याखेरीज गत्यंतर नाही.

त्याहूनही अधिक घडणारी गोष्ट म्हणजे आपली निमंत्रणे. गणेशचतुर्थी असो, गुढीपाडवा असो, सर्वसाधारण सभा असो. एक सुंदर पत्रक तयार होते आणि ते चित्र म्हणून संकेतस्थळावर आणि सर्वांच्या मोबाइलांवर जाते. तारीख, वेळ, जागा सर्व त्या चित्रात. डोळसाला पाच सेकंदांत कळते. दृष्टिहीनाला एवढेच कळते की कोणी तरी चित्र पाठवले आहे. ज्या सभेला आपण त्यांना बोलावतो, त्या सभेची वेळच त्यांच्यापासून लपवतो. ह्याला उपाय अगदी सोपा आहे. पत्रक पाठवावे, आणि त्याखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टंकून पाठवावा. आणि पत्रकाच्या रंगांविषयीही एक विनंती. भगव्यावर पिवळी अक्षरे मंगल वाटतात खरी, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. ह्या विषयाचे आंतरराष्ट्रीय नियम, ज्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये आणि अलीकडची २०२३ मध्ये निघाली, अक्षरे आणि पार्श्वभूमी ह्यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक असे प्रमाण मागतात. ते मोजून देणारी साधने विनामूल्य मिळतात. भगव्यावर काळी किंवा पांढऱ्यावर गडद तांबडी अक्षरे घेतली, तर देवही रागावणार नाही.

व्हिडिओची गोष्ट थोडी निराळी. तेथे दोन प्रकारचे लोक वगळले जातात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बोललेले शब्द पडद्यावर सबटायटल्सच्या रूपाने यावे लागतात, आणि केवळ शब्दच नव्हे तर 'ढोलकी सुरू होते', 'प्रेक्षक हसतात' असे आवाजांचे उल्लेखही. यंत्राने आपोआप केलेली सबटायटल्स आपल्या मराठी-क्रेओल मिश्रणापाशी आणि विशेषनामांपाशी हमखास अडखळतात. ती माणसाने तपासल्याशिवाय सोडू नयेत. हे काम बहिऱ्यांच्या जोडीला आपल्या मुलांच्याही किती उपयोगी पडते, हे मी वर्गात रोज पाहते. घरात क्रेओल बोलणाऱ्या मुलाला आजोबांचे झाकरीचे गाणे कानांनी निम्मेच कळते. तेच शब्द देवनागरीत खाली उमटू लागले की त्याचे ओठ हलू लागतात. म्हणून गाण्याच्या चित्रफितीला मराठी सबटायटल्स तर द्यावीतच, शिवाय अर्थ क्रेओलमध्ये द्यावा. २०१२ पासून क्रेओल आपल्या प्राथमिक शाळांत शिकवली जाते, तेव्हा ती वाचण्याची मुलांना सवय झाली आहे. काही ज्येष्ठांना हा मराठीचा अवमान वाटेल. मला उलट वाटते, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

दृष्टिहीनांसाठी व्हिडिओत जे मुक्याने घडते ते बोलून सांगावे लागते. ह्यास मोठी यंत्रसामग्री लागते अशी समजूत आहे. ती खरी नाही. चित्रण होत असतानाच निवेदकाने थोडे भान ठेवले तर निम्मे काम होते. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीच्या काळात पुष्कळ ठिकाणची आरती घरबसल्या दाखवली गेली, तेव्हा निवेदक वारंवार म्हणत असत, 'आता हे पाहा, किती सुंदर!' काय सुंदर, ते त्यांनी सांगितले नाही. 'दूर्वांचा हार घातलेली मातीची मूर्ती आता पाटावरून उचलली जात आहे' असे म्हटले असते, तर घरी पडून असलेल्या कित्येकांना हात जोडण्याचा क्षण कळला असता. आपल्या कीर्तनकारांना हे कसब उपजतच होते. त्यांच्यापुढे मूर्ती नसे, पडदा नसे. ते शब्दांनी सभा उभी करीत.

आणखी एक खोड मोडली पाहिजे. संकेतस्थळ उघडताच आपोआप आरती सुरू होते, हा कित्येकांना भक्तीचा प्रकार वाटतो. पण दृष्टिहीन माणूस ते पान कानांनी वाचत असतो; झांजांच्या गजरात त्याला वाचकाचा आवाजच ऐकू येत नाही, आणि आरती बंद करण्याचे बटण कोठे आहे हे ऐकण्यासाठीही त्याला तोच आवाज हवा असतो. तीन सेकंदांहून अधिक चालणारा आवाज आपोआप सुरू होत असेल, तर तो थांबवण्याची सोय हवी, असे नियम सांगतात. मी म्हणते, आपोआप सुरूच करू नये. दिवाळीच्या शुभेच्छांमधील लुकलुकणारे दिवेही जपून वापरावेत. एका सेकंदात तीनहून अधिक वेळा झगमगणारे चित्र अपस्माराच्या रुग्णास धोक्याचे असते. १९९७ मध्ये जपानात दूरचित्रवाणीवरील एका व्यंगचित्रमालिकेतील अशाच झगमगाटाने शेकडो मुलांना इस्पितळात न्यावे लागले होते.

'आपल्या संकेतस्थळावर असे कितीसे दृष्टिहीन येतात?' असा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. ज्या देवळाला पायऱ्याच पायऱ्या आहेत, तेथे चाकांच्या खुर्चीतील भाविक दिसत नाहीत, म्हणून उतार बांधण्याची गरज नाही, असे म्हणण्यासारखेच हे आहे. शिवाय हा निव्वळ सौजन्याचा प्रश्न उरलेला नाही. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मॉरिशसने २०१० मध्ये मान्यता दिली आहे, आणि त्या कराराचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवनात बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क सांगते. सांस्कृतिक जीवन चालवणाऱ्या संस्थांना, म्हणजे आपल्याला, हे कलम ठाऊक असावयास हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छायाचित्रे शेकड्यांनी, काम करणारे दोघे-तिघे; आधी सर्व चढवून टाकू, शब्द मागाहून लिहू, असे कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्या श्रमांविषयी मला आदर आहे. पण हे 'मागाहून' कधी उजाडत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. चारशे मुकी चित्रे चढवण्यापेक्षा बारा बोलकी चित्रे चढवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेली ट्रंकेत राहिली तर बिघडत नाही, ती इतकी वर्षे तेथेच होती. ती सांगू शकणारी माणसे मात्र थांबणार नाहीत. म्हणून चित्रांचा क्रमही त्यावरून ठरवावा. सुबक कोणते, स्पष्ट कोणते, अध्यक्षांचे कोणते, हा निकष नको. ज्या चित्राविषयी बोलू शकणारे एकच माणूस उरले आहे, ते चित्र सर्वांत आधी घ्यावे.

माझ्या वर्गातील सहा मुले ह्या कामाला तयार आहेत. गणेशचतुर्थीपूर्वीच्या तीन रविवारी दुपारी दोन वाजता मंडळाच्या सभागृहात बसावे, मुलांनी एकेक चित्र घेऊन ते वयस्कांपुढे मोठ्याने वर्णन करावे, आणि त्यांनी जे सांगितले ते लिहून घ्यावे, असे ठरवले आहे. ज्यांना दिसत नाही त्यांनी अवश्य यावे. त्यांच्याशिवाय हे काम होणार नाही. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांच्याकडे मुले दोन-दोन करून जातील. नाव, गाव आणि सोयीची वेळ चिटणिसांकडे कळवावी. घरातील जुनी चित्रे आणताना ती आल्बममधून ओढून काढू नयेत, आल्बमच घेऊन यावे. आणि चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलेले असेल, तर ते पुसट झाले आहे म्हणून त्यावर शाईने गिरवू नये. आधी आम्हाला वाचू द्यावे.